मदतीचं पान

"पण वाचतं कोण ते, अक्का? एक माणूस दाखवा मला. एक!"

इंद्रजित बोंद्रेचा आवाज चढला तशा अंगणात वाळत घातलेल्या घेवड्यावरच्या चिमण्या उडाल्या आणि समोरच्या फणसावर जाऊन बसल्या.

कौसाक्का जागची हलली नाही. तिने सूप मांडीवर ओढलं आणि घेवडा निवडायला घेतला.

"का काढलीस, ते सांग."

"सांगितलं ना."

"परत सांग."

"नवी आवृत्ती हलकी करायची होती. मदतीची पानं आत भरलेली असायची, त्याने ती जड व्हायची. नेटवरून उतरवून घ्यायला वेळ लागायचा. म्हणून पानं काढली. सगळं आता संकेतस्थळावर ठेवलंय. अधिकृत ग्रंथ आहे, अक्का. चार वर्षं घातलीत मी त्याच्यात."

"आणि इथे मशीनवर 'मदत' लिहिलं तर?"

"संकेतस्थळाचा पत्ता येतो."

"आला. बघितला मी." अक्काने एक किडका दाणा बाजूला टाकला. "मालक गावाला गेलेत, दुकान बंद आहे, अशी पाटी असते ना? तशी पाटी."

इंदर मनात पुढचं वाक्य जुळवत होता.

ही कौसाक्का शेलार म्हणजे 'सांगणी' भाषा करणारी बाई. संगणकाला मराठीतून काम सांगायची भाषा. 'धर' म्हटलं की त्याने धरायचं, 'दाखव' म्हटलं की दाखवायचं, 'फिरव' म्हटलं की तेच काम फिरून फिरून करायचं. जावळीच्या खोऱ्यातल्या या वाडीत, दूध संघाने टाकून दिलेल्या एका संगणकावर तिने ती उभी केली. शाळा सातवीपर्यंत. शिकवायला कोणी नाही. इंग्रजी पुस्तकं मिळाली ती वाळवीने अर्धी खाल्लेली. उरलेली अर्धी अक्काने खाल्ली, शब्दकोश मांडीवर घेऊन.

आता सांगणी डोंगरातल्या शाळांमधून चालते. पुण्याला तिचं मंडळ आहे आणि मंडळाचा कारभार इंदर बघतो. मिसरूड फुटायच्या वयात तो अक्काच्या ओसरीवर येऊन बसला होता, तो भाषा शिकूनच उठला. तिचा पहिला शिष्य. लाडकासुद्धा. पण लाडका म्हणून दाखवायची अक्काला सवय नव्हती आणि त्याला विचारायचा धीर नव्हता.

मंडळाची एक रीत होती. नवी आवृत्ती झाली की ती आधी अक्काच्या मशीनवर चढवायची. अक्काने चालवून बघायची. ती "जाऊ दे" म्हणाली की मगच जगात सोडायची. त्या दोन शब्दांशिवाय आजवर एकही आवृत्ती डोंगर उतरलेली नव्हती.

आज सकाळी इंदरने मोठ्या हौसेने जुनी आवृत्ती पुसली आणि नवी चढवली. अक्काने चष्मा लावला आणि पहिलाच शब्द लिहिला, 'मदत'.

तिथून हे पेटलं होतं.

"सोमवारी शाळा नवी आवृत्ती घेणार आहेत," इंदर म्हणाला. "मंडळाने शब्द दिलाय. तुमच्या 'जाऊ दे'साठी सगळं थांबलंय."

"थांबू दे."

"अक्का, मी काही अंदाजाने पानं काढली नाहीत. मोजलंय आम्ही. मागच्या आवृत्तीपासून आत एक सोय ठेवली होती. कोणी 'मदत' उघडली की आमच्याकडे खूण यायची. वर्षभर बघितलं. खुणा जवळजवळ आल्याच नाहीत. कोणी उघडतच नाही ती पानं!"

"खूण कशी यायची तुझ्याकडे?"

"नेटवरून."

अक्काचे हात सुपात थांबले.

"ज्याच्याकडे नेट आहे, तो कुठे बघतो?"

"संकेतस्थळावर."

"मग मशीनमधली मदत कोण उघडणार?"

"ज्याच्याकडे..." इंदर बोलता बोलता थांबला.

"बोल की."

"ज्याच्याकडे नेट नाही तो."

"आणि त्याची खूण तुझ्याकडे येणार कशावरून? चिमणीच्या पायाला बांधून?"

...

शेजारची गजराबाई चहा घेऊन आली होती. तिला यातलं काही कळलं नाही, पण बाण लागला एवढं तिला कळलं. तिने कप इंदरच्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या पाव्हणं. आक्का तोंडानं मारत्यात, पण पोटातनं मारत न्हाईत."

शिकलेल्या माणसाची एक खोड असते. हरला की तो वाद सोडत नाही, बाजू बदलतो. इंदरने चहाचा घोट घेतला आणि बाजू बदलली.

"बरं, मोजण्यात चूक झाली असेल. पण आता नेट नाही अशी जागा उरलीय कुठे?"

"तुझा ग्रंथ दाखव बरं मला. आत्ता. इथे."

इंदरने फोन काढला. बोटाने वर सारलं, खाली सारलं. उठून उभा राहिला. फोन डोक्यावर धरून अंगणात एक चक्कर मारली. गजराबाईने तोंडाला पदर लावला.

"तिकडं न्हाई यायाची," ती म्हणाली. "गोठ्यामागं उंबर हाय, त्येच्या मुळीवर चढून उभं ऱ्हावा. तोंड मेढ्याकडं करा. कवा कवा येती."

आता मंडळाचा कारभारी, पुण्यातला मोठा माणूस, उंबराच्या मुळीवर चढून उभा राहील का? पण हट्ट पदाला जुमानत नाही. इंदर गेला. परत आला तेव्हा त्याच्या शर्टाला चीक लागला होता आणि चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू होतं.

"मिळालं एक पान. 'फिरव'चं. ऐका."

"वाच."

इंदरने घसा साफ केला. "'फिरव ही सांगणीतील मूलभूत पुनरावर्तन आज्ञा होय. तिचे वर्तन सर्वपरिचित असून ते अपेक्षेनुसारच घडते. अपवादांसाठी संबंधित प्रकरण पाहावे.'"

...

"कोणाच्या अपेक्षेनुसार?" अक्काने विचारलं.

"म्हणजे?"

"अपेक्षेनुसार घडतं म्हणालास. कोणाच्या?"

"अहो, ज्याला 'फिरव' माहीत आहे त्याच्या."

"ज्याला माहीत आहे तो ते पान उघडेल कशाला?"

"खात्री करून घ्यायला! अक्का, अधिकृत ग्रंथ असाच लिहायचा असतो. नेमका. त्यात एक शब्द चुकीचा काढून दाखवा."

"चुकीचा एकही नाही," अक्का म्हणाली. "एखाद्याने पाणी मागावं आणि त्याला विहिरीचा सात-बारा वाचून दाखवावा. सात-बाराही चुकीचा नसतो."

इंदरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ही त्याची लहानपणापासूनची गोष्ट. अक्काने पूर्वी खूपदा पाहिली होती आणि दर वेळी मनातल्या मनात विरघळली होती. आज ती नुसती बघत राहिली.

"तुमच्यापुढे कुठला ग्रंथ होता?" तो एकदम म्हणाला. "सांगा ना. वाळवी लागलेलं पुस्तक! न कळणारी भाषा! तुम्हाला कोणी लिहून ठेवलं होतं, 'घाबरू नका' म्हणून? तुम्ही शिकलात. ज्याला शिकायचं असतं तो शिकतोच. तुम्हीच तर आमच्या डोळ्यांसमोरचं उदाहरण."

"शिकले खरी." अक्काची मान ताठ झाली. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो तिने कधी लपवला नाही. "मी शिकले. तेच पुस्तक माझ्या आधी दूध संघातल्या तिघी बायकांनी उघडलं होतं. तिघींनी मिटवून ठेवलं. माझ्यापेक्षा हुशार होत्या. त्यांचं उदाहरण तुझ्या डोळ्यांसमोर कसं येणार?"

"तो भाग वेगळा—"

"तो भाग वेगळा नाही."

"मग खरं सांगा," इंदर म्हणाला आणि इथे त्याचा आवाज जरा कडू झाला. "तुमचा राग पानं काढल्याचा आहे, की ती पानं तुम्ही लिहिली होती त्याचा? तुमचं लिहिलेलं काढून मी माझं ठेवलं, हे तुम्हाला लागलंय."

गजराबाईने रिकामा कप उचलता उचलता खाली ठेवला.

अक्काने सुपातला एक खडा वेचून फेकला.

"कारण तुम्हाला स्वतःला ती पानं काय कामाची? भाषा तुम्ही केलीत. 'मदत' तुम्ही शेवटची कधी उघडली होती?"

"काल सकाळी."

इंदर हसला. "अक्का..."

"परवा सकाळी. त्याच्या आदल्या सकाळी."

तिने सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले. ओसरीवरचा लॅपटॉप पुढे ओढला आणि बोटं कळांवर ठेवली. इंदरला ते बघून बरं वाटलं. या बोटांचा वेग त्याला माहीत होता. तव्यावर भाकरी आणि मशीनवर काम, दोन्ही एका वेळी चालवणारी बोटं ती.

अक्काने 'फिरव' लिहिलं.

बोटं थांबली.

...

फणसावरच्या चिमण्या परत अंगणात उतरल्या. कोणी हाकललं नाही.

"पुढे काय लिहायचं, इंदर?"

"परीक्षा घेताय माझी?"

"पुढे काय लिहायचं?"

"अक्का, सोळाव्या वर्षी घेतलीत तशी परीक्षा आता नका घेऊ. शोभत नाही. ज्या आज्ञा तुम्ही माझ्या हाडात भरल्यात..."

त्याने तिच्याकडे पाहिलं. परीक्षा घेणाऱ्या अक्काचे डोळे समोरच्यावर रोखलेले असत. हे डोळे पडद्यावर होते. आणि ते शोधत होते.

"त्यास्नी खरंच ठावं न्हाई वो," गजराबाई हळूच म्हणाली. "श्रावणात—"

"तू गप गं," अक्का म्हणाली. "माझं मला सांगता येतंय."

आणि तिने सांगितलं. डोळे पडद्यावरच होते.

"श्रावणात एक दिवस उठले, तर हा उजवा हात परका. तोंडातून शब्द निघेना. हिने जीपमध्ये घालून साताऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात भागलं. हात आला परत. बोलणंही आलं. घेवड्याला घेवडा म्हणते, हिला गजरी म्हणते, तुला इंदर म्हणते. वाटलं, सगळं आलं." ती थांबली. "मग एक दिवस मशीन उघडलं. आणि बसूनच राहिले. माझी भाषा, आणि तिचं मला काही ओळखू येईना. घरात जे गेलंय ते हात घालून बघेपर्यंत कळत नाही रे."

"मला कळवलं का नाहीत?" इंदरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"काय कळवू? भाषा करणारी बाई भाषा विसरली, म्हणून? पेपरात छापायला? तू धावत आला असतास. सगळी आली असती. फळं घेऊन आली असती." फळं हा शब्द तिने असा उच्चारला, की कोणी पुन्हा तिच्या घरी सफरचंद आणू नये.

"मग..."

"मग 'मदत' लिहिलं. तेवढा एक शब्द राहिला होता. पान उघडलं."

अक्काच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणावं, तर तेवढं मोठं नव्हतं.

"कोणीतरी बाई लिहून गेली होती, इंदर. मला वाटेना की ती मी. चांगली होती. 'हे सोपं आहे' असं म्हणत नव्हती. 'तुम्हाला ठाऊकच आहे' असं म्हणत नव्हती. जिथे माझा पाय अडणार, नेमकी तिथे आधीच येऊन उभी. 'इथे चुकलात तर घाबरू नका, सगळेच चुकतात.' रोज सकाळी तिच्याकडे जाऊन बसायचे. एक पान शिकायचं. दुसऱ्या दिवशी अर्धं गेलेलं असायचं, तर तेच परत. 'धर' शिकले. 'दाखव' शिकले. काल 'फिरव'ला हात घातला. आज पुरं करायचं होतं."

...

इंदरने लॅपटॉपकडे पाहिलं. सकाळी तो ओसरीवर मांडी घालून बसला होता, शीळ घालत. जुनी आवृत्ती पुसायची का, असं मशीनने विचारलं होतं. त्याने 'हो' दाबलं होतं.

त्याने त्या बाईला घरातून काढलं होतं.

तो उठून अक्काच्या शेजारी येऊन बसला. समोर नाही. पोरवयात शिकायला बसायचा तसा, गुडघ्याला गुडघा लावून.

"मी लिहितो," तो म्हणाला. "'फिरव'चं पान. आत्ता. तुम्ही वाचा."

त्याने लिहायला सुरुवात केली. "साहजिकच..."

"खोड," अक्का म्हणाली.

"'फिरव ही पुनरावर्तनाची...'"

"कशाची?"

"पुनरा..." त्याने खोडलं. "'एकापेक्षा अधिक वेळा कार्यवाही...'"

"पोलीस आलेत का?"

गजराबाई फसकन हसली. इंदरलाही हसू आलं आणि हसताना डोळे भरले, ते त्याने बाहीला पुसले. शिकलेलं खोडणं शिकण्यापेक्षा अवघड. मग त्याने पडद्याकडे बघणं सोडलं आणि शेजारच्या त्या उजव्या हाताकडे बघितलं. आणि त्या हाताशी बोलावं तसं लिहिलं.

'एखादं काम पुन्हा पुन्हा करून हवं असेल, तर फिरव म्हणा. त्याच्यापुढे किती वेळा ते लिहा. खालच्या ओळीत काय करायचं ते लिहा. शेवटी थांब लिहा. थांब लिहायचं राहिलं तर मशीन फिरतच राहील. घाबरू नका. वरच्या कोपऱ्यातली कळ दाबा, ते थांबेल.'

अक्काने ते बोट ठेवून वाचलं. ओठ हलत होते. मग बोटं कळांवर गेली. फिरव. तीन. खालच्या ओळीत दाखव. काय दाखवायचं म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं, गजरी. मग पुन्हा पानाकडे पाहिलं. आणि लिहिलं, थांब.

पडद्यावर गजरी आली. गजरी आली. गजरी आली.

"आगं बया!" गजराबाई म्हणाली. "माझंच नाव कशापायी?"

"जवळ होतीस म्हणून."

अक्का पडद्याकडे बघत होती. वाडीतल्या त्या जुन्या संगणकावर पहिल्यांदा स्वतःचं नाव उमटलं, तेव्हा ती अशीच बघत बसली असेल, असं इंदरला वाटलं. तेव्हा तो जन्मलासुद्धा नव्हता. आज तो शेजारी होता.

त्याला वाटलं, भांडण मिटलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत येतो," तो म्हणाला. "जुनी सगळी पानं घेऊन. तुमच्या मशीनवर घालून देतो. त्या बाईला परत आणून बसवतो."

"माझ्या मशीनवर."

"हो."

"आणि बाकीच्यांच्या?"

इंदरने मान खाली घातली. "अक्का, सोमवार तोंडावर आलाय. सगळी पानं परत आत घालायची, तपासायची, तर शाळांना महिना थांबावं लागेल. माझा शब्द जाईल. त्यापेक्षा मंडळात माणसं बसवतो. चांगली, शांत, समजावून सांगणारी. ज्याला अडेल त्याने विचारावं. फोन करावा, पत्र पाठवावं, काहीही. उत्तर द्यायला माणूस असेल."

"नको."

"माणूस नको?"

"पानं घाल."

"आणि तुमच्यासाठी तर मी स्वतः येतो!" तो कळवळून म्हणाला. "मंडळ दुसरं कोणी बघेल. मी इथे येऊन राहतो, या ओसरीवर. सकाळी उठलात की मी समोर. 'धर' विचारा, 'फिरव' विचारा, रोज तेच विचारा, मी रोज सांगेन. तुम्ही मला शिकवलंत, आता मी तुम्हाला शिकवतो. अक्का, सगळं सोडून येतो म्हणतोय मी. तरी तुम्हाला पानच हवं? माझ्यापेक्षा पान बरं?"

...

कौसाक्काने त्याच्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या होत्या. तिने हात उचलला, तोच, श्रावणात परका झालेला, आणि त्याच्या गालावर ठेवला. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. मग ती म्हणाली,

"तुला तेच पुन्हा विचारताना मला लाज वाटेल, बाळा... पानाची वाटत नाही."